पोकरच्या खोलीचं पत्र

१

खणातल्या सगळ्या फायली जागच्या जागी होत्या. तपकिरी फायलीची दोरीसुद्धा नेहमीसारखी नीट बांधलेली होती. फक्त तिच्या आत पत्र नव्हतं.

ऑर्लीन मोझेसनं फाईल उलटी करून झटकली. मग खालच्या फायली काढून जमिनीवर पसरल्या आणि गुडघ्यावर बसून एकेक पान उलटलं. बुधवारचे सकाळचे आठ वाजले होते. उद्या दहा वाजता शहरातल्या केंद्रीय न्यायालयात ते पत्र न्यायाधीशांपुढे ठेवायचं होतं. हेरन लेक या मूळनिवासी जमातीच्या राखीव प्रदेशातल्या कॅसिनोतली पोकरची खोली चालू राहणार की तिला टाळं लागणार, ते त्या एका कागदावर ठरायचं होतं.

पत्र बावीस वर्षांपूर्वीचं. राज्याच्या तेव्हाच्या सरकारी वकिलानं जमातीला लिहिलेलं. ‘खेळाडू आपसात खेळतात त्या पोकरला या राज्यात बंदी आहे असं आम्ही मानत नाही,’ एवढं एकच वाक्य त्यात कामाचं होतं. पण त्या वाक्याच्या जोरावर जमातीच्या परिषदेनं सहा महिन्यांपूर्वी खोली उघडली होती, आठ टेबलं मांडली होती आणि बावीस माणसांना पत्ते वाटायच्या नोकऱ्या दिल्या होत्या. त्या बावीस जणांत ऑर्लीनची मुलगी टॅनिस होती.

ऑर्लीननं अठरा वर्षं जमातीच्या पोलिसांत काढली होती आणि नऊ वर्षं या जुगार नियंत्रण मंडळात. दारुडे, सुरे, जळती घरं, सगळं पाहिलं होतं. आज मात्र तीच ती पानं ती पुन्हा पुन्हा उलटत होती.

बाहेरच्या टेबलावर मर्ना बसायची. तिच्यासमोरून गेल्याशिवाय कुणालाच आत येता येत नसे.

“मर्ना, काल मी परिषदेच्या बैठकीला गेले होते, बारा ते तीन. माझ्या खोलीत कोण कोण आलं?”

मर्नानं वही उघडली. “साडेबाराला टॅनिस, तुझं सूप घेऊन. सव्वाला डेल, आठवड्याचा अहवाल ठेवायला. दोनला एस्टर मावशी, प्रतिज्ञापत्रावर सही करायला. त्या अर्धा तास बसल्या, मग म्हणाल्या दमले, उद्या करते सही.”

“आणि कपाट उघडल्याचा आवाज?”

सगळ्या इमारतीला तो आवाज ठाऊक होता. वाकड्या खणाचं ते जुनं लोखंडी कपाट उघडताना असं किंचाळायचं की नवीन माणूस दचकून उभा राही. तेल घालून काही उपयोग झाला नव्हता.

“एकदाच ओरडलं,” मर्ना म्हणाली. “साडेबाराला. मला वाटलं, तूच टॅनिसला काहीतरी काढायला सांगितलंयस.”

ऑर्लीननं वही स्वतःकडे फिरवली. साडेबाराला आत टॅनिस होती. कपाटाची जादा किल्ली पेनांच्या भांड्यात असते, हे अर्ध्या कचेरीला माहीत होतं. टॅनिसला तर नक्कीच.

तासभर सगळी कचेरी धुंडाळली, मर्नानं पोकरच्या खोलीतही फोन करून विचारलं, तरी पत्र मिळालं नाही. ती तशीच कोट न घालता बाहेर आली. पिकअपच्या काचेवर, वायपरखाली, एक पत्ता खोचला होता. इस्पिकची राणी. पांढऱ्या कडेवर बारीक छापील अक्षरांत लिहिलं होतं:

‘राज्याच्या यादीत टॅनिसचं नाव पहिलं आहे. कागद शोधू नकोस.’

२

जमातीचा वकील हॉवर्ड क्विग्ली कालच शहरातून येऊन कॅसिनोच्या हॉटेलात उतरला होता. त्यानं काल सकाळी अकरा वाजता ऑर्लीनच्या समोर मूळ पत्र डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तिनंच ते परत कुलपात ठेवलं होतं. बातमी ऐकली तेव्हा त्याच्या हातातली कॉफी बशीत सांडली.

“झेरॉक्स आहे माझ्याकडे,” तो म्हणाला. “पण तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? मूळ कागद दाखवा म्हणतील.”

“पत्र नसेल तर काय होईल?”

“तर नुसता कायदा राहील. आणि कायद्याचं कसं आहे, ते तुम्हाला माहीत आहे. स्लॉट मशीनसारखा कॅसिनोविरुद्धचा खेळ असेल तर राज्याशी करार लागतो. लोक एकमेकांविरुद्ध खेळत असतील तर करार लागत नाही, पण तो खेळ राज्यात मुळातच निषिद्ध नसला पाहिजे. राज्य म्हणतं, आमच्या राज्याच्या घटनेतच पोकरला बंदी आहे. आम्ही म्हणतो, मग तुमच्या गावोगावच्या बारमध्ये आणि क्लबांत दर शुक्रवारी काय चालतं?”

“म्हणजे आपली बाजू बरोबर आहे.”

“मला तसं वाटतं. अशाच एका दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशाला तसं वाटलं नव्हतं.”

ऑर्लीननं खुर्ची पुढे ओढली. “आणि पत्ते वाटणारी मुलं? राज्यानं खटल्यात त्यांच्या नावांची यादी दिलीय. खोली बेकायदा ठरली तर गेले सहा महिने त्यांनी गुन्हा केला असं होतं का?”

क्विग्लीनं बशीतली कॉफी परत कपात ओतली.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “खरं सांगायचं तर कुणालाच माहीत नाही.”

वर्षानुवर्षं कायदा शिकलेला माणूस ‘माहीत नाही’ म्हणतो, तेव्हा पुढे विचारण्यात अर्थ नसतो, ते ऑर्लीनला त्या क्षणी कळलं. तिनं झेरॉक्सची घडी खिशात घातली आणि निघाली.

३

एस्टर फिनली ज्येष्ठांच्या जेवणघरात खिडकीजवळ बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. एकोणीस वर्षं ती जमातीच्या परिषदेची चिटणीस होती; आला-गेला प्रत्येक कागद तिच्या हाताखालून गेलेला. म्हणूनच पत्र खरोखर आलं होतं असं शपथेवर सांगायला क्विग्लीनं तिलाच निवडलं होतं.

“बस पोरी. हरणाचं कालवण आहे. तोंड बघ तुझं, पांढरंफटक झालंय.”

“मावशी, पत्र गेलं.”

एस्टरनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. तो तिनं खाल्ला नाही. “गेलं, म्हणजे?”

“चोरीला. काल तुम्ही माझ्या खोलीत होता तेव्हा कपाट बंद होतं का?”

“मी भिंतीकडे बघत बसले होते. गुडघे दुखत होते.”

“ते पत्र आलं तो दिवस तुम्हाला आठवतो?”

“त्या वेळी रोज पंचवीस पत्रं यायची. तुझ्या कचेरीला रस्त्याचं नाव नि घराचा नंबर आता आता मिळाला. आमचं सगळं टपाल पेटी नंबर अकरात. थंडीत मी स्वतः पोस्टात जाऊन दोन्ही हातांनी उचलून आणायची.” म्हातारीनं थाळी बाजूला सारली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “ऑर्लीन, गेलं ते गेलं. नको मागे लागूस.”

पत्त्यावर जे लिहिलं होतं, जवळजवळ तेच. ऑर्लीननं एस्टरच्या हातांकडे पाहिलं. सांध्यांना सूज आलेल्या त्या बोटांना इतकी बारीक अक्षरं काढता आली नसती.

४

पोकरच्या खोलीत दुपारचा एकच डाव चालला होता. चार म्हातारे शेतकरी आणि एक ट्रकवाला, कुणी फारसं बोलत नव्हतं. व्यवस्थापक डेल पिएर दाराशीच उभा होता. पंचेचाळिशीचा, नेहमी इस्त्रीच्या शर्टात. शहरातल्या पत्त्यांच्या क्लबातली चांगली नोकरी सोडून तो गावी परतला होता. पत्रही त्यालाच सापडलं होतं, परिषदेच्या तळघरातल्या जुन्या खोक्यांत.

“ताई, ऐकलं मी. मर्नानं सकाळीच सांगितलं.” त्याचे डोळे लाल होते. “आता?”

“काल तू माझ्या खोलीत किती वेळ होतास?”

“अहवाल ठेवला नि निघालो. एक मिनिट.” तो जवळ सरकला. “ताई, मला बोलायचं नव्हतं. पण टॅनिस परवापासून घाबरलीय. मला विचारत होती, पत्रच नाहीसं झालं तर खटला थांबेल का, आमची नावं निघतील का. तू आई आहेस. जरा विचार कर, हे खणून काढायचं का.”

ऑर्लीननं विषय बदलला. “आजची पत्त्यांची मोजणी झाली?”

“सकाळीच. सगळे जोड पूर्ण. बावन्नच्या बावन्न.”

ती बाहेर पडली. गाडीत बसल्यावर तिनं खिशातली इस्पिकची राणी काढून मांडीवर ठेवली. टेबलावर वापरून झालेल्या प्रत्येक पत्त्याला मधोमध भोक पाडतात, मगच तो जोड भेटवस्तूंच्या दुकानात विकायला जातो. या राणीला भोक नव्हतं. म्हणजे ती दुकानातली नव्हती. चालू जोडांतही एकही पत्ता कमी नव्हता. मग उरले फक्त न उघडलेले, सीलबंद जोड. ते एकाच कपाटात असतात आणि त्याची किल्ली एकाच माणसाकडे असते.

डेल. पण डेलला पत्र हवंच होतं. सगळ्यांपेक्षा जास्त हवं होतं. मग ते शोधू नकोस असं तो का म्हणेल?

५

टॅनिस घरी होती. तिची मुलगी लिबी शाळेत गेलेली, पडदे ओढलेले. दार उघडायच्या आधी तिनं फटीतून पाहिलं.

“एकटीच आहेस ना, आई?”

“काल तू माझं कपाट उघडलंस.”

टॅनिस खुर्चीत बसली. सत्तावीस वर्षांची बाई, पण त्या क्षणी ती शाळेतून पळून आलेल्या पोरीसारखी दिसली.

“उघडलं. मला ती यादी बघायची होती. सगळे म्हणतात माझं नाव पहिलं आहे. खरंच पहिलं आहे, आई. त्यांनी माझ्या घराचा पत्तासुद्धा लिहिलाय.”

“आणि पत्र?”

“हात नाही लावला.”

“टॅनिस.”

“हात नाही लावला म्हणते ना! खण असा ओरडला की माझा जीव गेला. यादी पाहिली, लोटला नि पळाले. तपकिरी फाईल तिथंच होती, बाहेरून पत्राचा कोपरा दिसत होता.” तिनं आईचं मनगट धरलं. “मी तुरुंगात गेले तर लिबी कुणाकडे राहील? तुझ्याकडे? का राज्यवाले तिला जमातीबाहेर कुठे नेऊन ठेवतील?”

ऑर्लीननं तिचे हात आपल्या हातांत घेतले. तिला मुलीवर विश्वास ठेवायचा होता, आणि नेमकी त्याचीच तिला भीती वाटत होती. आईनं ठेवलेला विश्वास हा काही पुरावा नव्हे.

पण टॅनिस खरं बोलत असेल, तर तिच्यानंतर कुणीतरी तो खण आवाज न करता उघडला होता.

ती कचेरीत परतली. खण हळू ओढला, किंचाळला. झटक्यात ओढला, किंचाळला. कपाटाच्या अंगावर कोपर टेकवून ओढला, तरी तेच. मर्ना बाहेरून ओरडली, “अगं, मारून टाक त्याला एकदाचं!” शेवटी ऑर्लीननं मूठ दोन बोटांनी वर उचलली, अगदी किंचित, आणि मग ओढली.

खण लोण्यातून सुरी फिरावी तसा बाहेर आला.

नऊ वर्षं. नऊ वर्षांत तिला हे कळलं नव्हतं. कळेल कसं? ज्यानं या कपाटाशी अर्धं आयुष्य काढलं त्यालाच ते ठाऊक असणार. ती खाली वाकली. कपाटाच्या बाजूला, रंगाच्या दोन थरांखाली, एक जुनी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: ‘परिषद चिटणीस. ए. फिनली.’

ऑर्लीन जमिनीवरच बसून राहिली. एस्टर मावशी? का? तिनं खिशातली झेरॉक्स उलगडली. एकच वाक्य सगळे वाचत आले होते. आज तिनं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

तारीख: बावीस वर्षांपूर्वीची. खाली पत्ता: ‘हेरन लेक जमात परिषद, १४, हेरन रस्ता.’

तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

त्या रस्त्याला नाव पडलं त्याला तेरा वर्षं झाली होती. अँब्युलन्सला घरं सापडत नाहीत म्हणून राखीव प्रदेशातल्या सगळ्या रस्त्यांना तेव्हा एकदम नावं दिली होती. ‘हेरन रस्ता’ लिहिलेला खांब गोठलेल्या मातीत पहार मारून उभा करणाऱ्या दोन पोलिसांपैकी एक ती स्वतः होती.

६

एस्टरच्या घरी पोचली तेव्हा चार वाजत आले होते आणि वाऱ्याबरोबर हिमाचे बारीक कण उडू लागले होते. म्हातारीनं तिच्याकडे एकदा पाहिलं, फ्रीजर उघडला आणि रानबेरींच्या डब्याखालून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला.

“जाळायला हवा होता,” ती म्हणाली. “पण जन्मभर कागद सांभाळले. हात होईना.”

“तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“काल तुझी वाट बघता बघता प्रतिज्ञापत्र वाचलं. त्यात पत्रावरचा हा रस्त्याचा पत्ता लिहिला होता. वाचून हसूच आलं, मग रडू. असं पत्र माझ्या हातून कधी गेलंच नाही. सही केली असती तर मी खोटी. नाही केली तर सगळे विचारणार, का नाही? मग डेल आत जाणार. माझ्या बहिणीचा नातू आहे तो. म्हटलं, कागदच नसला तर कुणी कुणाला काही विचारणार नाही.”

“क्विग्ली झेरॉक्स देणार आहे, मावशी. आणि राज्यवाल्यांना तिची प्रत कधीच दिलीय. उद्या खोटा कागद आपल्या हातून न्यायाधीशांसमोर गेला तर नुसती खोली नाही जायची. सगळा कॅसिनो, दवाखान्याचे पैसे, शाळा. आपलं एक अक्षर पुन्हा कुणी खरं मानणार नाही.”

बाहेर खडीवर टायर करकरले. दिवे खिडकीवरून फिरले आणि विझले. दाराला ठोठावणं झालं नाही. ते सरळ उघडलं.

डेल उंबऱ्यात उभा होता. डोक्यावर हिम, हात कोटाच्या खिशांत. त्यानं आधी टेबलावरचा कागद पाहिला, मग ऑर्लीनला.

“ताई, ते मला दे.”

ऑर्लीनची पिस्तूल बाळगण्याची सवय नऊ वर्षांपूर्वी सुटली होती. तिनं कागदावर तळहात ठेवला. खिशातले त्याचे हात काय करताहेत ते तिला दिसत नव्हतं. फ्रीजरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“टॅनिसचं नाव तू लिहिलंस त्या पत्त्यावर,” ती म्हणाली. “सीलबंद जोड फोडून. मी माझ्या पोरीला वाचवायला शोध सोडीन असं तुला वाटलं.”

“दे म्हणतो ना! तुझी गाडी बाहेर दिसली तेव्हाच कळलं मला.”

“डेल,” एस्टर म्हणाली, “बूट काढ. फरशी पुसलीय मी.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. तो वाकला. बुटांच्या नाड्या सोडायला त्यानं हात बाहेर काढले. ते रिकामे होते. एक बूट निघाला, दुसरा निघेना. तो तसाच उंबऱ्यावर बसला आणि हुंदके देऊन रडू लागला.

“कायदा आपल्याच बाजूनं आहे, मावशी,” तो म्हणत होता. “नुसता कागद नव्हता. परिषद म्हणाली, कागद आण, मग उघडू. म्हणून मीच तो बनवला. एवढी माणसं रिकामी बसली होती इथं. मला वाटलं, एकदा खोली चालू झाली की कोण बघतंय जुन्या कागदाकडे. तो हरवला कळलं तेव्हा म्हटलं, आता कुणी तपासणार नाही.”

एस्टरनं पुढे होऊन त्याच्या केसांतलं हिम झटकलं. ऑर्लीननं फोन उचलला आणि क्विग्लीचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत असताना तिच्या लक्षात आलं, की मुलीची नोकरी ती आपल्या हातानं बुडवते आहे. कदाचित त्याहून जास्त काही.

७

गुरुवारी दहाला न्यायालय भरलं. क्विग्ली उभा राहिला. रात्रभर जागून त्याचा आवाज बसला होता. “महोदय, आम्ही दाखल करणार होतो ते पत्र अस्सल नाही असं आमच्याच चौकशीत आढळलं आहे. आम्ही ते मागे घेतो. आमचा युक्तिवाद फक्त कायद्यावर आहे.”

पलीकडच्या टेबलावर राज्याचा वकील होता, टकला, शांत माणूस. त्याच्यासमोर एक मोठं छायाचित्र ठेवलं होतं. ऑर्लीन दुसऱ्या रांगेत होती. तिला ते स्पष्ट दिसलं. एक हिरवा खांब, वर पांढरी अक्षरं: हेरन रस्ता. कोपऱ्यात खांब बसवल्याची तारीख.

तो त्यासाठीच टपून बसला होता. आधी त्यांना पत्र दाखल करू द्यायचं, मग उठायचं.

वकिलानं क्विग्लीकडे पाहिलं. मग छायाचित्र सावकाश पालथं घातलं.

दुपारपर्यंत वाद चालला. बारमधले डाव निघाले, घटनेतला शब्द निघाला, एका स्वल्पविरामावर वीस मिनिटं गेली. शेवटी न्यायाधीशबाई म्हणाल्या, की प्रश्न सोपा नाही. निकालाला काही महिने लागतील. तोवर खोली बंद राहील. कॅसिनोच्या बाकी कारभाराशी या खटल्याचा संबंध नाही.

क्विग्ली पुन्हा उठला. “महोदय, तिथं पत्ते वाटणाऱ्यांबद्दल काही…”

“त्याबद्दल हे न्यायालय आज काहीही म्हणत नाही.”

मागच्या बाकावर डेल बसला होता. परिषदेच्या अध्यक्षांना त्यानं सकाळीच सगळं लिहून दिलं होतं. जमातीच्या न्यायालयात त्याचं काय व्हायचं ते होणार होतं. एस्टर त्याच्या शेजारी होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

बाहेर पायऱ्यांवर वारा सुटला होता. टॅनिस एका खांबाच्या आडोशाला थांबली होती. यादीत नाव म्हणून क्विग्लीनं तिला आत बसू दिलं नव्हतं. आईचा चेहरा वाचायचा तिनं प्रयत्न केला.

“बंद झाली?”

“बंद. निकाल लागेपर्यंत.”

“आणि मी? आई, मी गुन्हेगार आहे का?”

ऑर्लीननं सत्तावीस वर्षं जबाब लिहिले होते. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणायचं नाही, माहीत नाही ते माहीत आहे म्हणायचं नाही, हे तिनं कित्येक नव्या पोलिसांना शिकवलं होतं.

“नाही,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की.”

टॅनिसनं तिच्याकडे पाहिलं. तिला खरं वाटलं की नाही ते कळलं नाही. तिनं आईच्या दंडाला घट्ट धरलं, आणि दोघी एकेक पायरी जपून उतरू लागल्या. पायऱ्यांवर बर्फ जमत होतं.